'क'ची शेपटी

गेघाम एकोणीस वर्षं दुसऱ्या श्रेणीत होता, आणि ह्याची आठवण त्याला रोज कुणी ना कुणी करून देत असे. आमच्या लेनिनाकान गावात बुद्धिबळातली श्रेणी ही काही खाजगी बाब नाही. न्हाव्याकडे, पावाच्या रांगेत, अगदी अंत्ययात्रेत चालतानासुद्धा नवा माणूस भेटला की आधी नाव विचारतात आणि लगेच श्रेणी. तिसरी किंवा चौथी म्हणालात तर लोक मायेने खांद्यावर हात ठेवतात. पहिली म्हणालात तर उठून जागा देतात. दुसरी म्हणालात तर "छान, छान" म्हणतात, आणि त्यातला दुसरा 'छान' गेघामला एकोणीस वर्षं टोचत होता.

एरवी त्याचं उत्तम चाललं होतं. नोंदणी कचेरीत तो जन्माचे, लग्नाचे आणि मृत्यूचे दाखले लिहीत असे, आणि त्याच्यासारखं अक्षर गावात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. हे मी म्हणत नाही, गाव म्हणत असे. लोक मुलाचा दाखला चौकटीत लावून भिंतीवर टांगत. नवरा-नवरी दाखला घ्यायला आली की तो आधी टाक झटकायचा, मग बाहीचं बटण सोडायचा, मग श्वास रोखायचा, आणि मागे उभी असलेली दोन्हीकडची माणसंही श्वास रोखायची. एकदा एक नवरी ह्यात घेरी येऊन पडली होती.

त्या शरद ऋतूत नगर अजिंक्यपदाच्या स्पर्धेत गेघामने काय खाल्लं होतं कुणास ठाऊक, पण शेवटची फेरी उरली तेव्हा हिशेब सोपा होता. हा एक डाव जिंकला तर पहिली श्रेणी. बरोबरी झाली किंवा हरला तर "छान, छान".

समोर होत्या डॉक्टर शुशानिक. गावातल्या दाताच्या डॉक्टरीण. गावातल्या निम्म्या माणसांचे दात त्यांनी बसवलेले आणि उरलेल्या निम्म्यांचे काढलेले, त्यामुळे पटावर त्यांच्यासमोर बसलं की समोरच्याच्या दाढा आपोआप आवळल्या जात. त्या खेळतही तशाच. हळूच कुठेतरी टोचायच्या, "इथे दुखतंय?" अशा चेहऱ्याने बघायच्या, आणि दुखत असलं की तिथेच धरायच्या.

"राजापुढचं प्यादं त्यांनी दोन घरं सारलं की तू काय करतोस?" शेजारच्या ओनिक न्हाव्याने गेघामच्या गालाला साबण लावता लावता विचारलं.

"मीही राजापुढचं प्यादं दोन घरं सारतो."

"म्हणूनच एकोणीस वर्षं झाली. समोरचा नमस्कार करतो, तू नमस्कार करतोस. ही काय सोयरीक जमवायची आहे? सिसिलियन खेळ, गेघाम जान! उंटापुढचं प्यादं बाहेर काढ. सरळ भांडणच काढायचं!"

ओनिककडे सिसिलियनवरचं एक पुस्तक होतं. ते त्याने गेघामला दिलं. गेघामने सबंध आठवडा ते पाठ केलं. जेवताना केलं, कचेरीत केलं. एका मुलीच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या रकान्यात 'उंट' लिहिता लिहिता वाचला. पण पुस्तक नवव्या चालीपर्यंतच होतं.

"पुढची पानं कुठायत?"

"वस्तरा पुसायला गेली रे," ओनिक म्हणाला. "पण नऊ चाली म्हणजे काय थोड्या झाल्या? तोवर त्या घाबरतील."

शनिवारी सकाळी दहा वाजता कापड गिरणीच्या क्लबात डाव सुरू झाला. डॉक्टरबाईंनी राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं. गेघामने उंटापुढचं प्यादं काढलं. त्याबरोबर मागच्या रांगेतून ओनिक इतक्या मोठ्याने "शाब्बास!" म्हणाला की राजधानीहून, येरेवानहून, आलेल्या पंचांनी, वार्तेरेस नावाच्या एका दमेकरी आणि सज्जन गृहस्थांनी, त्याला बाहेर घालवलं. मग तो खिडकीतून बघू लागला.

नऊ चाली गेघाम वाघासारखा खेळला. दहाव्या चालीला त्याने खिडकीकडे पाहिलं. ओनिकने खांदे उडवले. तिथून पुढचा डाव गेघामने स्वतःच्या डोक्याने खेळला, आणि नवल म्हणजे वाईट खेळला नाही. एक प्यादं गेलं, ते परत आलं. वजिरा-वजिरी झाली. हत्ती उरला, घोडा उरला, राजा रस्त्यावर आला. पाच तास झाले, तीन वाजले, चाळीस चाली पुऱ्या झाल्या, बाईंनी एक्केचाळिसावी केली आणि पंचांनी घड्याळं थांबवली. नियमाप्रमाणे डाव तहकूब झाला, उरलेला उद्या दुपारी चारला. ज्याची खेळी आहे त्याने ती पटावर करायची नाही. कागदावर लिहायची, पाकिटात घालायची आणि पाकीट चिकटवायचं. म्हणजे रात्रभर फुकटचा विचार कुणालाच मिळत नाही.

खेळी गेघामची होती.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. डावाचे कागद, कचेरीतल्या दाखल्यांसारखेच, रशियन लिपीत लिहायचे. त्या भाषेत घोडाही 'क'वरून आणि राजाही 'क'वरून. म्हणून घोड्याला नुसता 'क' लिहितात आणि राजाला 'क'पुढे छोटा 'र' जोडून 'क्र'. लहान मुलंही ह्यात चुकत नाहीत. गेघामही चुकला नाही. त्याने पुरती दहा मिनिटं विचार केला, बाहीचं बटण सोडलं, श्वास रोखला, आणि मधल्या एका घरात घोडा आणण्याची खेळी लिहिली: क, ई-सहा. सुरेख 'क' आला. खालचा पाय लांबवून त्याला छानशी वळलेली शेपटी दिली, तशी तो नेहमीच देत असे.

क्लबात पाकीट नव्हतं. गेघामने कोटाच्या खिशातून कचेरीचं काढून दिलं. त्यावर 'मृत्यू विभाग' असं छापलेलं होतं. पंचांनी ते नाइलाजाने घेतलं आणि क्लबाच्या तिजोरीत ठेवलं.

घरी पोचेपर्यंत अंगणात तुतीच्या झाडाखाली पट मांडून झाला होता. ओनिकने खिडकीतून सगळी मांडणी टिपून आणली होती. भोवती बारा माणसं आणि दोन आज्या. चहा होता, गाता ही गोड भाकरी कापून ठेवली होती, आणि वरच्या मजल्यावरचा कारापेत चांभार तीन किलो अक्रोड घेऊन आला होता, कारण अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला.

"काय लिहिलंस ते सांगू नकोस!" कारापेत ओरडला. "आम्ही शोधून काढतो. तू फक्त अक्रोड खा."

गेघामने एक अक्रोड फोडला आणि मोठेपणाने गप्प बसला. त्याला खात्री होती की तासाभरात सगळे घोड्यापाशी येऊन पोचतील आणि त्याच्याकडे आदराने बघतील.

बारा मिनिटांत सगळे घोड्यापाशी येऊन पोचले.

"घोडा आणला तर?" कुणीतरी म्हणालं.

"घोडा आणला तर राजाचीच वाट अडते," ओनिक म्हणाला. "बाई हत्ती मागून घुसवतील. हा बघ. मग हा. संपलं. हरला." त्याने पट पुन्हा मांडला. "पण त्याच घरात राजा आणला तर? राजा मध्ये आला की बाईंचं प्यादं पडलं. हा असा, हा असा... अरे! नऊ चालींत जिंकतो! सरळ जिंकतो!"

अंगणात एकच गलका झाला. ओनिकने गेघामच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "सांगू नकोस, सांगू नकोस! तुझ्या चेहऱ्यावरच दिसतंय! घोडा तर कारापेतच्या आईनेसुद्धा लिहिला नसता!"

कारापेतची आई, जी दोन आज्यांपैकी एक होती, तिनेही मान हलवून आपण नसताच लिहिला असं सांगितलं.

गेघामच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं त्याला आनंद म्हणणं फार झालं. त्याने ते लपवायला आणखी एक अक्रोड तोंडात टाकला. संध्याकाळपर्यंत असे त्याने किती अक्रोड टाकले ह्याची मोजदाद नाही. लोक येत, पाठ थोपटत, "राजा ना? बघ, म्हटलं होतं!" म्हणत, आणि तो तोंड भरलेलं असल्यामुळे काहीच बोलू शकत नसे. फक्त त्याची बायको क्नारिक स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने ह्या माणसाला अक्रोडाकडे ढुंकून बघतानाही पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिने विचारलं, "अरे माणसा, काय लिहून बसलास?"

उत्तर द्यायच्या आधी वेळ काढावा म्हणून गेघामने उरलेला एक अक्रोड दाताने फोडला. अक्रोड फुटला नाही. दाढ फुटली.

आमच्याकडे कुणाला काही झालं की "तुझं दुखणं मी घेतो" असं म्हणायची रीत आहे. गेघाम गाल धरून अंगणात आला तेव्हा सगळ्या मजल्यांवरून हाका आल्या. "तुझं दुखणं मी घेतो, गेघाम जान!" "मी घेते रे, मी घेते!" सतरा माणसांनी दुखणं घेतलं, पण ते होतं तिथेच राहिलं. शेवटी कारापेतने त्याचा दंड धरला आणि दवाखान्यात नेलं. रविवारी तिथे एकच डॉक्टर असतात. त्या कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल.

"या, या," डॉक्टर शुशानिक हात धुता धुता म्हणाल्या. "बसा. पण आधीच सांगते, डावाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. तहकूब डावाबद्दल बोलणं गैर. तोंड उघडा."

"आ," गेघाम म्हणाला.

"आणखी मोठं. काल पाच तास मिटून बसला होतात, त्याची भरपाई करा."

"डॉक्टरबाई, जरा सांभाळून हं," दारात उभा असलेला कारापेत म्हणाला. "आज दुपारी ह्याला तुम्हाला हरवायचं आहे. राजा लिहिलाय त्याने. सगळ्या अंगणाला ठाऊक आहे."

गेघामने जिवाच्या आकांताने "ना! ना!" केलं, पण तोंडात बाईंची दोन बोटं आणि एक आरसा असल्यामुळे ते "आ! आ!" असंच ऐकू आलं.

"दुखतंय ना? समजतं मला," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सुई भरली. "राजा, म्हणता. मलाही तीच भीती होती. काल घरी मीही तेच पाहिलं, नऊ चालींत संपतं. असो. दुपारी तुम्ही मला रडवा, आत्ता माझी पाळी."

दाढ निघाली. दाढेबरोबर गेघामचा अर्धा चेहराही गेल्यासारखा झाला. सुईचा अंमल इतका जबरदस्त होता की डावा ओठ कुठे आहे हे त्याला आरशात बघून शोधावं लागलं.

"दोन तास खायचं नाही, बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "चारला भेटू."

चारला क्लबात ही गर्दी. तिजोरीची किल्ली व्यवस्थापकाकडे, व्यवस्थापक मेहुण्याच्या गावी, असा थोडा घोळ झाला. पण शेवटी असं निघालं की तिजोरीचं कुलूप तीन वर्षांपूर्वीच बिघडलंय आणि ती नुसती ओढली तरी उघडते. ती उघडली. पाकीट निघालं. वार्तेरेस पंचांनी 'मृत्यू विभाग' ह्या अक्षरांवर एक दुःखी नजर टाकून ते फाडलं, कागद उलगडला आणि चष्मा वर केला. मग चष्मा खाली केला. मग कागद खिडकीपाशी नेला.

"क..." ते म्हणाले. "क्र... नाही, क... हे काय आहे? ही शेपटी आहे की 'र'?"

सभागृहात खुर्च्या पुढे सरकल्या.

"घोडाही त्या घरात जाऊ शकतो, राजाही जाऊ शकतो," पंच म्हणाले. "नियम असा आहे की खेळी कोणती ते कळलं नाही तर डाव गेला. पण मला तसं करायचं नाही." ते खरोखरच सज्जन होते, शिवाय सहाच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं. "मला विचाराल तर हा 'र' आहे. राजाच हा. बाई, तुमचं काय म्हणणं?"

"राजाच असणार," डॉक्टर शुशानिक शांतपणे म्हणाल्या. "मी तेच धरून आले आहे." आणि हार मानताना राजा आडवा करतात तसा करायला त्यांनी आपल्या राजाकडे हात न्यायला सुरुवातही केली.

"राजा! राजा!" मागून ओनिक म्हणाला. आज त्याला कुणी बाहेर घालवलं नाही.

"मग तुम्ही फक्त मान हलवा," पंच गेघामला म्हणाले. "बोलता येत नाही हे दिसतंय मला."

फक्त मान हलवायची होती. गेघामला ती मान एकदम फार जड झाली. एकोणीस वर्षं त्या एका होकारापलीकडे संपत होती. त्याला पावाची रांग दिसली, उठून जागा देणारी माणसं दिसली. त्याला खोटं बोलावंही लागणार नव्हतं. लोकच त्याच्या वतीने बोलत होते. त्याची मान थोडी, अगदी थोडी, खाली गेली. तो आत्ता पुरा होकार देणार, हे अख्ख्या सभागृहाने पाहिलं.

पंचांना राहवलं नाही. ते कागद घडी करता करता म्हणाले, "पण एक सांगू का? एवढ्या महत्त्वाच्या कागदावर इतकं गिचमिड अक्षर काढू नये माणसाने."

गेघामची मान होती तिथेच थांबली.

"गि... गिश्मिड?" तो म्हणाला. डाव्या ओठाने साथ दिली नाही.

"म्हणजे वाचता येत नाही असं. राग मानू नका."

गेघाम उठून उभा राहिला. त्याने उजवा हात पुढे केला आणि बोटं हलवली. कागद मागत होता. पंचांना वाटलं, लेखी खुलासा देतोय. त्यांना बरंच वाटलं, कारण लेखी खुलासा फाइलला लावता येतो. त्यांनी कागद दिला, पेन दिलं. गेघामने बाहीचं बटण सोडलं, श्वास रोखला आणि टपोऱ्या अक्षरात एक अक्षर लिहून कागद त्यांच्या नाकासमोर धरला.

पंचांनी चष्मा वर केला, खाली केला. "हाही 'क्र'च दिसतोय," ते म्हणाले.

तेव्हा कारापेतचा बांध फुटला. तो चौथ्या रांगेतून खुर्च्या ओलांडत पुढे आला. "क्र? अहो साहेब, तुम्ही येरेवानचे असाल, पण गेघामच्या अक्षराला नावं ठेवायची नाहीत! ह्या हाताने माझ्या तीन पिढ्या लिहिल्यात!" त्याने आतल्या खिशातून एक कागद काढला. शुक्रवारीच त्याच्या नातवाचा दाखला आला होता, नातवाला आजोबांचं नाव ठेवलं होतं, आणि तो कागद तीन दिवस तो भेटेल त्याला दाखवत हिंडत होता. "हे वाचा! काय लिहिलंय?"

"कारापेत," पंचांनी वाचलं.

"क्रारापेत नाही ना? वाचता आलं ना? हीच शेपटी आहे ना? ह्या गावात कुणाही माणसाला विचारा, ह्याला 'क' म्हणतात! स्वच्छ, सुंदर, नुसता 'क'!"

"खरं आहे!" मागून आवाज आले. "नुसता 'क' आहे तो! आमच्या कामोच्या दाखल्यावरही तसाच आहे!" "डोळे तपासा, साहेब!"

पंचांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. शेपटी शेपटीला हुबेहूब जुळत होती. "बरोबर आहे तुमचं," ते सावकाश म्हणाले. "मी माफी मागतो. 'क'च आहे हा. म्हणजे घोडा."

गलका एकाएकी थांबला. आपण काय सिद्ध केलं ते माणसांच्या हळूहळू ध्यानात आलं. ओनिकने कपाळावर हात मारून घेतला. "कारापेत, चांभार असून स्वतःच्या तोंडाला टाके घालता आले नाहीत का रे तुला!"

"घोडा?" कारापेत गेघामकडे वळला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "तू घोडा लिहिलास?"

गेघामने पटावरचा काळा घोडा उचलला आणि ई-सहावर ठेवला. जोरात ठेवला, आणि मग सवयीने बाहीचं बटण लावलं.

डॉक्टर शुशानिकनी हत्ती मागून घुसवला. अंगणात दिसलं होतं तसंच, त्याच क्रमाने सगळं झालं. अकरा चालींनी गेघामने राजा आडवा केला आणि हात पुढे केला. बाईंनी तो लगेच सोडला नाही.

"मान हलवली असतीत तर मी हरले होते," त्या हळूच म्हणाल्या. "ठाऊक होतं तुम्हाला?"

गेघामने ठाऊक असल्याचं मानेने सांगितलं.

"मग?"

"फण लिहिला घोला होता ना," गेघाम म्हणाला.

बाई हसल्या आणि उद्या पट्टी बदलायला या म्हणाल्या.

घरी येताना अंगणातली माणसं दोन पावलं मागून चालत होती, मयतीहून परततात तशी. जिंकल्यावर खायला म्हणून भाजलेलं मांस झाडाखाली ठेवलेलं होतं. ते खावं की नको ह्यावर थोडी चर्चा झाली आणि मांसाचा त्यात काही दोष नाही असं ठरलं. गेघामला चावता येत नव्हतं. तो आत स्वयंपाकघरात जाऊन बसला.

क्नारिकने त्याच्यासमोर सूप ठेवलं आणि कोमट झालेलं आहे ना ते बोट बुडवून पाहिलं. "अरे माणसा," ती म्हणाली, "गिचमिड तर गिचमिड. एवढं काय लागलं तुला त्यात? पहिली श्रेणी हातात आली होती. लिहिताना जरा चुकलं, 'र'ची शेपटी झाली, असं म्हटलं असतं तर काय बिघडत होतं?"

सुईचा अंमल आता उतरत होता. दुखायला लागलं होतं, पण शब्द पुन्हा शब्दांसारखे येत होते.

"चुकून झालेली नाही ती," गेघाम म्हणाला. "आधी मीही साधाच 'क' लिहायचो, सगळे लिहितात तसा. मग आपल्या लग्नाचा दाखला लिहायची वेळ आली. साहेब आजारी होते, मलाच लिहावा लागला. तुझं नाव लिहिलं, आणि तो 'क' मला फार उघडा वाटला. म्हणून त्याला शेपटी काढली. मग नंतर सगळ्यांनाच काढत गेलो, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये." तो सूप ढवळत राहिला. "ती 'र' आहे असं कसं म्हणू?"

क्नारिकने हात पुसले. मग ती दारात गेली. बाहेर ओनिक कुणाला तरी सांगत होता की काही झालं तरी माणूस दुसऱ्या श्रेणीतला, त्याच्याकडून आणखी किती अपेक्षा ठेवायची.

"ए ओनिक!" तिने तिथूनच हाक मारली. सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं. "माझा नवरा कितव्या श्रेणीतला आहे ते मला विचार!"

ओनिकने विचारलं नाही. पण तिने सांगितलं.